चर्चमधला झेंडा, वंश आणि राष्ट्रवाद : लघुप्रबंधाचं क्षेत्रकार्य कसं आखावं?

ओसरी (धागाकर्ती)

समाजशास्त्राच्या मास्टर्सच्या लघुप्रबंधासाठी विषय ठरला आहे : अमेरिकेतल्या चर्चमध्ये वंश, धर्म आणि राष्ट्रवाद एकमेकांत कसे गुंततात. जागा पेनसिल्व्हेनियातलं एक मध्यम शहर. तीन चर्च निवडली आहेत. एक युनायटेड मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचं, जवळजवळ सगळे गोरे, बहुतेक साठीपुढचे. दुसरं आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, म्हणजे एएमई, या कृष्णवर्णीयांनी काढलेल्या पंथाचं. तिसरं कुठल्याच पंथाला न जोडलेलं, शाळेच्या सभागृहात भरणारं, मिश्र वस्तीचं.

आराखडा असा : तिन्हीकडे ख्रिस्ती राष्ट्रवादाची (अमेरिका हे ख्रिस्ती राष्ट्र आहे आणि असावं, या धारणेची) प्रश्नावली, प्रत्येकी ५० जण, मग १०-१० मुलाखती. काम पुढच्या एप्रिलपर्यंत संपवायचं आहे. आयआरबीचा, म्हणजे संशोधनातल्या माणसांच्या हिताची छाननी करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीकडचा, अर्ज अजून गेलेला नाही. मोजपट्टी कुठली घ्यावी, कोणते रविवार गाठावेत, परवानगी कोणाची लागते, आणि हे सगळं कुठे मोडेल?

झेरॉक्स

घोडं पेंड खाणार ते कॅलेंडरवर.

यंदा, २०२६ साली, ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होताहेत आणि तो दिवस शनिवार आहे. म्हणजे तुमच्या विषयासाठी वर्षातला सगळ्यांत मोलाचा रविवार ५ जुलै. २८ जूनही सोडू नका. सुट्टीत माणसं गावाला जातात म्हणून काही ठिकाणी देशभक्तीची उपासना आठवडाभर आधीच उरकतात.

पण माझ्या मते २४ मे त्याहून सरस आहे. मेमोरियल डे सोमवारी २५ मेला आहे. आणि ईस्टर ५ एप्रिलला आल्यामुळे पेंटेकॉस्ट बरोबर २४ मेला पडतो. एकाच रविवारी दोन प्रसंग : एक लढाईत पडलेल्या अमेरिकी सैनिकांचा, दुसरा 'प्रेषितांची कृत्ये' अध्याय २ चा, ज्यात पार्थी, मेदी, एलामी असे देशोदेशीचे लोक आपापल्या भाषेत एकच निरोप ऐकतात. त्या दिवशीच्या छापील पत्रकाच्या पहिल्या पानावर ज्वाळा आहेत की झेंडा? आधी पवित्र आत्म्याचं गीत की आधी मृत सैनिकांची नावं? वेदीवर पेंटेकॉस्टचं लाल कापड आहे की लाल-पांढरी-निळी फीत? दोन्ही असतील तर कशाला किती मिनिटं? हे घड्याळ लावून लिहा. मुलाखतीत 'तुमच्यासाठी देश मोठा की देव' असं विचारलंत तर सगळे 'देव' म्हणतील आणि तुमच्या हाती काही लागणार नाही.

तिसरी जोडी : जूनटीन्थ (गुलामगिरी संपल्याच्या स्मरणाचा दिवस) शुक्रवारी १९ जूनला, फादर्स डे रविवारी २१ जूनला. कोणाचा उल्लेख होतो, कोणाचा राहतो, ते टिपा. सप्टेंबरनंतर जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग दिन आहेच, पण तोवर तुम्ही लिहायला बसलेल्या असाल.

आता उलटं मोजा. आयआरबीला साध्या अर्जावरही दोन ते चार आठवडे लागतात आणि त्यात एकदा तरी 'हे बदला' म्हणून अर्ज परत येतो. २४ मे गाठायचा तर अर्ज या पंधरवड्यात गेला पाहिजे. प्रौढांच्या मुलाखती, प्रश्नावली आणि सार्वजनिक ठिकाणचं निरीक्षण हे बहुधा 'एक्झेम्प्ट' (पूर्ण छाननीतून सूट) गटात, दुसऱ्या कलमाखाली बसतं. मात्र आपलं काम एक्झेम्प्ट आहे हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचं नसतं. तसं पत्र यावं लागतं. पत्राच्या आधी घेतलेली मुलाखत वापरता येत नाही आणि मागच्या तारखेने परवानगी मिळत नाही. अठरा वर्षांखालच्यांच्या मुलाखती आराखड्यातून काढून टाका. एका किशोरवयीन मुलासाठी अख्खा अर्ज वरच्या छाननीत जातो.

कडूनिंब

मोजपट्टीबद्दल. दोन प्रचलित आहेत.

पहिली व्हाइटहेड आणि पेरी या समाजशास्त्रज्ञांनी रूढ केलेली, सहा विधानांची, बेलर विद्यापीठाच्या धर्मविषयक पाहणीतून घेतलेली. सरकारने अमेरिकेला ख्रिस्ती राष्ट्र घोषित करावं, ख्रिस्ती मूल्यांचा पुरस्कार करावा, धर्म आणि राज्य यांची काटेकोर फारकत पाळावी, सार्वजनिक जागी धार्मिक चिन्हांना मुभा द्यावी, सरकारी शाळांत प्रार्थनेला मुभा द्यावी, आणि अमेरिकेचं यश हा देवाच्या योजनेचा भाग आहे. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ० ते २४. इथली नेहमीची चूक : फारकतीचं विधान उलटं मोजायचं असतं. ते सरळ मोजलं तर बेरीज दिसायला ठीकच दिसते, फक्त मधल्या आकड्यांत सगळे कोंबले जातात. अंतर्गत सुसंगती तपासताना अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) अचानक खाली आला, की आधी हेच बघा.

दुसरी पीआरआरआय या धर्मविषयक पाहण्या घेणाऱ्या संस्थेची, पाच विधानांची. २०२३ च्या त्यांच्या अहवालात १० टक्के अमेरिकी 'पुरस्कर्ते' आणि १९ टक्के 'सहानुभूतीदार' निघाले. ही मोजपट्टी जास्त टोकदार आहे. 'खरा अमेरिकन असण्यासाठी ख्रिस्ती असणं महत्त्वाचं' असं थेट विचारते.

पण तुमच्या आराखड्याची खरी अडचण मोजपट्टीच्या निवडीत नाहीच. 'अमेरिका देवाच्या योजनेचा भाग आहे' याला गोऱ्या मेथडिस्ट आजोबांनी 'पूर्ण सहमत' म्हटलं आणि एएमईतल्या आजींनीही 'पूर्ण सहमत' म्हटलं, तर दोघांना सारखेच ४ गुण. आजोबांच्या मनात देवाने वसवलेला देश असेल, आजींच्या मनात देवाने अजून जाब विचारायचा आहे असा देश. राष्ट्रीय पाहण्यांतही हेच दिसतं : गोऱ्यांमध्ये या मोजपट्टीवरचे गुण वाढले की स्थलांतरित, पोलीस, वांशिक अन्याय यांविषयीची मतं ठरावीक दिशेने सरकतात, कृष्णवर्णीयांत तसं घडत नाही, काही बाबतींत तर उलटं घडतं. म्हणजे तीन चर्चची सरासरी काढून शेजारी शेजारी मांडलीत तर तक्ता दिसेल सुंदर आणि अर्थ निघेल चुकीचा.

आकड्यांचंही पाहा. ५० जणांचा नमुना यादृच्छिक असता तरी चूक अधिक-उणे १४ टक्क्यांच्या घरात जाते. आणि तो यादृच्छिक नसणारच. कॉफीच्या टेबलाशी जे थांबतात तेच अर्ज भरतात. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एकाच भांड्यातला असतो म्हणून. इथे भांडी तीन आहेत.

माझं मत : ५०-५० ची पाहणी सोडा. मुलाखतीच्या शेवटी त्याच ३० जणांपुढे सहा विधानं छापील ठेवा, खूण करायला सांगा आणि लगेच विचारा, 'हे वाचताना डोळ्यांपुढे काय आलं?' गुण दुय्यम, तो खुलासा मुख्य. राष्ट्रीय आकडे हवे असतील तर एआरडीए या धर्मविषयक पाहण्यांच्या संग्रहातून फुकट मिळतात, स्वतः गोळा करण्याची गरज नाही.

तिरपा_टाईप

शंका एकच. निष्कर्ष आधी आणि क्षेत्रकार्य मागाहून असं चाललं नाही ना? कोपऱ्यात झेंडा उभा आहे म्हणून माणसं वंशवादी ठरत नाहीत. 'ख्रिस्ती राष्ट्रवादी' असं स्वतःला म्हणवणारे मोजके. बाकीच्यांवर ते लेबल बाहेरून लागतं. शिवाय राष्ट्रवाद म्हटलं की फक्त गोरी चर्च दिसतात.

कडूनिंब

@तिरपा_टाईप, पहिल्या मुद्द्याशी सहमत, म्हणूनच 'ख्रिस्ती राष्ट्रवाद' हा शब्द पत्रकात, संमतिपत्रात किंवा प्रश्नांत कुठेच येऊ नये. खोटं बोलायचं नाही, पण 'चर्च, समाज आणि देशाबद्दलची आस्था यांचा अभ्यास' हे वर्णन खरंच आहे आणि दार बंद करत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांनी १९६७ मध्ये मांडलेला 'नागरी धर्म' (कुठल्याही पंथापलीकडची, देशाच्या प्रतीकांभोवतीची सामाईक श्रद्धा) आणि आजचा ख्रिस्ती राष्ट्रवाद या वेगळ्या कल्पना आहेत. झेंडा, मृत सैनिकांसाठी प्रार्थना हे पहिल्यातही बसतं. रेघ कुठे ओढली ते पद्धतीच्या प्रकरणात आधीच लिहून ठेवायचं.

प्रश्न वस्तूंवरून सुरू करा. 'हा झेंडा इथे केव्हापासून आहे? कोणी दिला? कोणी कधी हलवला का? हलवला तर काय झालं?' बहुतेक वेळा खांबाच्या तळाशी पितळी पट्टी असते, एखाद्या सैनिकाच्या स्मरणार्थ घराण्याने दिल्याची. म्हणजे झेंडा काढणं हा सिद्धांताचा प्रश्न राहत नाही, कोणाच्या तरी मुलाची आठवण उचलून गोदामात ठेवण्याचा होतो. ही माहिती 'तुम्ही राष्ट्रवादी आहात का' असं विचारून मिळत नसते.

सातपुडा

झेंड्यावरून थोडं. अमेरिकेच्या ध्वजसंहितेत चर्चसाठी वेगळं वाक्य आहे : वक्त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे बाकांवरून बघताना डावीकडे, मानाची जागा राष्ट्रध्वजाची. दुसऱ्या बाजूला बहुधा 'ख्रिस्ती ध्वज' असतो, पांढरा, कोपऱ्यात निळ्या चौकोनात लाल क्रूस. तो १८९७ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका रविवार शाळेत सुचला. प्राचीन वगैरे काही नाही. काही चर्च मुद्दाम अदलाबदल करून ख्रिस्ती ध्वज मानाच्या जागी ठेवतात. तेव्हा 'झेंडा आहे/नाही' अशी रकान्याची खूण पुरत नाही. किती, कोणते, कोणत्या बाजूला, व्यासपीठावर की खाली, उपासनागृहात की सभागृहात, असे पाच रकाने करा. (त्याच संहितेत राष्ट्रध्वजाच्या वर चर्चची पताका चालेल असा एकच अपवाद आहे : भर समुद्रात नौदलाच्या धर्मगुरूने चालवलेली उपासना. लघुप्रबंधात उपयोग शून्य, पण तोंडी परीक्षेत परीक्षक खूश होईल.)

आणि तिसऱ्या चर्चबद्दल सावध. शाळेच्या सभागृहातला झेंडा शाळेचा असतो! दर रविवारी ध्वनिक्षेपक आणि पडदा लावणाऱ्या मंडळींनी तो तिथेच ठेवला, पडद्यामागे सारला की नीट पुढे आणला, ती निवड मात्र चर्चची. म्हणून तिथे उपासनेच्या तासभर आधी जाऊन मांडामांड बघा.

नगरी_नाणं

आधी शब्द. मराठीत टिपणं काढणार असाल तर 'चर्च' या एका शब्दात तीन गोष्टी मिसळतात : इमारत, तिथली माणसं आणि पंथाची संघटना. अहिल्यानगरकडच्या प्रॉटेस्टंट मराठीत माणसांना 'मंडळी' म्हणतात, पास्टरला 'पाळक', कम्युनियनला 'प्रभुभोजन'. 'मंडळीने झेंडा ठेवला' आणि 'इमारतीत झेंडा आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि तुमचा अर्धा विषय त्या फरकात आहे. 'रेस'साठी 'वंश' वापरा, 'जात' नको. तुलना करायची तर उघड तुलना करा, शब्दातून चोरून नको.

परवानगीचं. पाळकाचा होकार म्हणजे मंडळीचा होकार नव्हे, आणि तीन ठिकाणी कारभार तीन तऱ्हेचा.

युनायटेड मेथडिस्टांत पाळकाची नेमणूक बिशप करतात आणि बदल्या साधारण १ जुलैपासून लागू होतात. म्हणजे मेमध्ये ज्यांनी परवानगी दिली ते ५ जुलैला दुसऱ्या गावात असू शकतात, आणि नवे पाळक पहिल्याच रविवारी, तेही २५०व्या वर्षी, तुम्हाला ओळखत नसतील. पत्र पाळकासोबत चर्च कौन्सिलच्या अध्यक्षांच्या सहीचंही घ्या. झेंडा, फलक, इमारत हे विश्वस्तांच्या अखत्यारीत येतं, त्यांतल्या एकाची मुलाखत हवीच. आणि हे चर्च अजून 'युनायटेड' आहे ना, ते आजच्या फलकावरून तपासा. २०१९ ते २०२३ दरम्यान अमेरिकेतली सुमारे एक चतुर्थांश युनायटेड मेथडिस्ट चर्च बाहेर पडली, मुख्यतः समलैंगिकतेच्या वादावरून. राहिलेल्या चर्चमधूनही माणसं उठून गेली असतील. 'आमच्याकडे राजकारण होत नाही' या वाक्याचा अर्थ त्या फुटीनंतर बदललेला असतो, आणि वर्ष विचारल्याशिवाय तो कळत नाही.

एएमईतही नेमणूक बिशपांकडून. पंथमुक्त चर्चमध्ये वडीलजनांचं मंडळ किंवा नुसते संस्थापक पाळक. तिथे लेखी परवानगी दोन दिवसांत मिळते आणि तितक्याच झटपट काढूनही घेतली जाते.

मेणबत्ती

एएमईबद्दल एक गोष्ट कोणी सांगितली नाही, म्हणून ठळक सांगते. १७ जून २०१५, बुधवार, चार्ल्सटनचं इमॅन्युएल एएमई चर्च. एक अनोळखी गोरा तरुण बायबल अभ्यासाला आला, तासभर त्यांच्यात बसला आणि मग त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. यंदाही १७ जून बुधवारीच आहे. अनोळखी माणसाने पाठीवर सॅक लावून, न कळवता, बुधवारच्या अभ्यासवर्गात जाऊन वही उघडायची नाही. आधी कार्यालयात फोन, मग पाळकांची भेट, मग पहिले तीन-चार आठवडे फक्त रविवारची उपासना आणि पहिल्या दिवशी दारातल्या अशरना (येणाऱ्यांना जागा दाखवणाऱ्यांना) स्वतःहून ओळख. सॅक गाडीत.

बाकी वागणुकीचं :

वही बाकावर उघडू नका. पत्रकाच्या समासात दोन-तीन शब्द टिपा, ते सगळेच करतात. पूर्ण टिपण त्याच दिवशी, झोपण्याआधी. दीड तासाच्या उपासनेचं टिपण लिहायला तीन तास धरा.

नव्या पाहुण्यांना उभं करून ओळख सांगायला लावतात. तिथेच 'मी विद्यार्थिनी आहे, पाळकांच्या परवानगीने अभ्यासासाठी येते' हे म्हणून टाका. पहिल्या दिवशी लपवलं आणि चौथ्या दिवशी सांगितलं की दार मिटतं.

प्रभुभोजन : मेथडिस्ट मेज सगळ्यांना खुलं असतं, तरी श्रद्धा नसेल तर बाकावर बसून राहणं चालतं, कोणी वाईट वाटून घेत नाही. दानाची थाळी आली तर पुढे द्या. पैसे टाकायचे की नाही हे आधी ठरवा आणि तिन्ही ठिकाणी सारखंच करा.

'तुम्ही ख्रिस्ती आहात का?' हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येणार. भारतीय चेहऱ्याला तर 'आमचे मिशनरी तुमच्याकडे गेले होते' हेही येणार. चिडू नका, तो विदा (डेटा) आहे. ज्या चर्चमध्ये तुम्हाला पाहुणी समजतात, ज्यात मिशनचं क्षेत्र समजतात आणि ज्यात 'तू आमच्यातली की त्यांच्यातली' अशा नजरेने पाहतात, ती तीन वेगळी उत्तरं आहेत. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना 'गोरे' मानायला नकार दिला होता. भारतीय माणूस अमेरिकेच्या वंशाच्या रकान्यात कुठे बसतो याचा घोळ जुनाच आहे.

झेरॉक्स

संमतिपत्राचा मुद्दा राहिला. मिश्र चर्चमध्ये कागदपत्रं नसलेले स्थलांतरित असू शकतात. चर्च, शाळा अशा जागी कारवाई टाळण्याचं सरकारी धोरण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. म्हणून स्थलांतराचा दर्जा विचारायचा नाही, कोणी आपणहून सांगितला तर टिपणात उतरवायचा नाही. सहीचं संमतिपत्र हाच नावाचा एकमेव पुरावा असेल तर आयआरबीकडे 'सही माफ करा, तोंडी संमती चालू द्या' अशी मागणी करता येते. अर्जात तसा वेगळा भाग असतो. मुलाखतीला भेटकार्ड देणार असाल तर विद्यापीठाचं लेखा खातं ज्यांना दिली त्यांच्या सह्यांची यादी मागतं, आणि इतकं जपलेलं गुपित तिथे फुटतं. तो नियम आधी विचारा.

पेनसिल्व्हेनियात खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करायला सगळ्यांची संमती लागते. कॉफीच्या टेबलावर फोन चालू ठेवून बसलात तर प्रश्न आयआरबीपुरता राहणार नाही, फौजदारी कायद्याचा होईल.

सातपुडा

प्रवचनांबद्दल. तिन्ही चर्च थेट प्रक्षेपण करत असतील तर मागची वर्षभराची प्रवचनं हाताशी आहेत, पण तुलना करताना एक गफलत हमखास होते. मेथडिस्टांकडे बऱ्याच ठिकाणी वाचनं तीन वर्षांच्या ठरलेल्या चक्रातून येतात. त्या रविवारचा उतारा पाळकाने निवडलेला नसतो. पंथमुक्त चर्चमध्ये पाळक स्वतः मालिका ठरवतात. तेव्हा 'रोमकरांस पत्र अध्याय १३, म्हणजे सत्तेच्या अधीन राहा, यावर प्रवचन झालं' ही घटना एकीकडे योगायोग असू शकते, दुसरीकडे निर्णय. रकाना करा : उतारा चक्रातला की निवडलेला.

आपोआप तयार होणाऱ्या लिखित प्रतीवर विसंबू नका. एएमईत प्रवचन हे दोघांचं असतं : पाळक एक ओळ टाकतात, मंडळी 'आमेन', 'बोला पास्टर' म्हणून ती उचलते, ऑर्गन मध्ये शिरतो. यंत्र हे सगळं गाळून टाकतं, आणि मग कागदावर असं दिसतं की मंडळी गप्प बसली होती. कुठल्या वाक्याला प्रतिसाद उसळला आणि कुठल्या वाक्याला शांतता पसरली, हाच तर पुरावा. ४० मिनिटांच्या प्रवचनाला हाताने दुरुस्त करायला चार-पाच तास धरा. तीन चर्च, प्रत्येकी सहा रविवार, म्हणजे १८ प्रवचनं. याहून जास्त घेऊ नका.

गीतांची यादी मात्र सगळी घ्या. मेथडिस्टांचं १९८९ चं गीतपुस्तक आणि एएमईचं गीतपुस्तक यांत सामाईक गीतं बरीच आहेत. पुस्तकात काय आहे यापेक्षा कुठल्या रविवारी काय गायलं ते महत्त्वाचं. 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग', ज्याला कृष्णवर्णीयांचं राष्ट्रगीत म्हणतात, ते मेथडिस्ट पुस्तकातही छापलेलं आहे. कधी गायलं जातं ते ऑर्गनवादकाला विचारा. पाळक बदलतात, ऑर्गनवादक तीस वर्षं तोच असतो.

नगरी_नाणं

@तिरपा_टाईप यांचा दुसरा मुद्दा वाऱ्यावर सुटला, आणि तो वजनदार आहे. राष्ट्रवाद फक्त गोऱ्या चर्चमध्ये शोधणं ही खरीच चूक.

एएमईच्या नावातच 'आफ्रिकन' आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी ही कृष्णवर्णीयांची परस्परसाहाय्य संस्था काढली. त्याच शहरातल्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना प्रार्थनेतून उठवलं गेलं, ते बाहेर पडले, १७९४ मध्ये ॲलन यांचं बेथेल चर्च उभं राहिलं, आणि १८१६ मध्ये स्वतंत्र पंथ. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात लढाई कशावर झाली? चर्च आणि त्याचं व्यासपीठ कोणाच्या ताब्यात यावर. पुढे याच पंथाचे बिशप हेन्री मॅकनील टर्नर आफ्रिकेत परत जाण्याचा पुरस्कार करत आणि १८९८ मध्ये त्यांनी 'देव निग्रो आहे' असं छापलं. हा धार्मिक राष्ट्रवादच आहे, फक्त त्याचं राष्ट्र दुसरं.

आणि ५ जुलै. गुलामगिरीतून सुटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचं 'गुलामाला तुमचा चार जुलै काय' हे भाषण १८५२ च्या ५ जुलैला झालं होतं. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी संपली तेव्हाही कृष्णवर्णीयांच्या मिरवणुका ५ जुलैला निघाल्या. यंदा ५ जुलै रविवारी येतोय. एएमईच्या व्यासपीठावरून त्या तारखेचा उच्चार होतो का, ते कान देऊन ऐका.

गोव्याचा एक दुवा सोडवत नाही : त्याच १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा कट उघडकीस आला, ज्यात गोमंतकीय पाद्री होते, आणि तक्रार हीच की वरच्या जागा गोऱ्यांना. चर्चमधल्या वांशिक उतरंडीतून राजकीय बंड निघतं, हे फिलाडेल्फियाचंच वैशिष्ट्य नाही.

ओसरी

पाहणी रद्द, विधानं मुलाखतीच्या शेवटी. अर्ज पुढच्या शुक्रवारी जाईल. दोन गोष्टी अजून अडतात. एक, मेथडिस्ट चर्च गोरं 'का' राहिलं हे दाखवायला कागद कुठले? दोन, मध्यम शहरात एएमई चर्च एकच असतं. नाव बदलून उपयोग काय?

सातपुडा

कागद : १९३९ मध्ये उत्तर-दक्षिण मेथडिस्ट एक झाले तेव्हा कृष्णवर्णीय मंडळ्यांना भूगोल सोडून वंशावर आधारलेल्या 'सेंट्रल ज्युरिस्डिक्शन'मध्ये टाकलं. ते १९६८ पर्यंत टिकलं. म्हणजे तुमच्या शहरात त्या काळी दुसरं मेथडिस्ट चर्च असेल तर ते नेहमीच्या वार्षिक परिषदेच्या (मेथडिस्टांच्या प्रादेशिक संघटनेच्या) दप्तरात सापडणारच नाही. वेगळ्या वार्षिक परिषदेचे अहवाल काढावे लागतील. मेथडिस्टांचं मुख्य दप्तर न्यू जर्सीत मॅडिसनला ड्रू विद्यापीठाच्या आवारात आहे.

त्याआधी घरबसल्या सॅनबॉर्न कंपनीचे विम्याचे नकाशे बघा, लायब्ररी ऑफ काँग्रेसने चढवले आहेत. आगीच्या विम्यासाठी प्रत्येक इमारत रेखलेली, आणि चर्चच्या नावापुढे बऱ्याचदा कंसात वंशही लिहिलेला. १९०६, १९१६, १९२६ आणि १९३६ ची धार्मिक संस्थांची जनगणना जोडीला घ्या. मग चर्चच्या पायाच्या दगडावरचं वर्ष, चर्चने जागा बदलल्याचं वर्ष आणि वस्ती बदलल्याचं वर्ष एका रेषेवर मांडा.

पैशांच्या माहितीसाठी ९९० अर्ज (ना-नफा संस्थांचं वार्षिक करविवरण) शोधत बसू नका, चर्चना तो भरावा लागत नाही. वार्षिक सभेला वाटलेला ताळेबंद मागा. सभासदांना तो मिळालेलाच असतो.

आजच्या घडीला मात्र माझा आवडता कागद म्हणजे इमारतीच्या वापराचं वेळापत्रक. ११ची उपासना कोणाची, दुपारी १ला तळघर कोणाला भाड्याने, स्वयंपाकघराची किल्ली कोणाकडे. स्पॅनिश किंवा कोरियन मंडळी त्याच इमारतीत भरत असेल तर 'आम्ही बहुवांशिक आहोत' असं कार्यालय सांगेल. संशोधनात रूढ कसोटी अशी की एकाच समूहाचे ८० टक्क्यांहून अधिक लोक नसावेत. या कसोटीवर १९९८ मध्ये ६ टक्के आणि २०१८-१९ मध्ये १६ टक्के मंडळ्या बहुवांशिक भरल्या. पण एक छप्पर म्हणजे एक मंडळी नव्हे. आणि टक्केवारी पाळकाच्या अंदाजावर घेऊ नका. तीन रविवार बाकं मोजा, प्रवचनाच्या सुरुवातीला. वंश मात्र चेहऱ्यावरून ठरवून लिहू नका. 'दिसण्यावरून, निरीक्षकाचा अंदाज' असं रकान्यावरच लिहा.

मेणबत्ती

ओळख लपवण्याचं. शहराचं नाव बदलणं पुरत नाही. 'पेनसिल्व्हेनियातलं, नदीकाठचं, १८७० च्या दगडी इमारतीतलं एएमई' एवढं गूगलला पुरे. तीन उपाय : शहराऐवजी विभाग लिहा, इमारतीचा साल दशकात किंवा शतकात विरघळवा, जुन्या दप्तरातला इतिहास आणि आजच्या मुलाखती एकाच प्रकरणात जोडू नका, नाहीतर दप्तराच्या नोंदीवरूनच नाव निघतं. पाळक लपत नाहीत, ते एकच असतात. त्यांच्याकडून वेगळी संमती घ्या, 'तुम्ही ओळखू येण्याची शक्यता आहे' हे स्पष्ट लिहून.

आतल्या आत ओळखणं तर अजून सोपं. ऐंशी जणांच्या मंडळीत 'व्हिएतनाममध्ये लढलेले निवृत्त शिक्षक' म्हणजे कोण हे सगळ्यांना ठाऊक. झेंड्याविरुद्ध बोललेलं वाक्य त्यांच्या तोंडी गेलं तर पुढच्या रविवारी त्यांच्या बाकावर कोणी बसणार नाही. तपशील दुसऱ्या सहभागींशी अदलाबदल करू नका, ते खोटं होतं. तपशील काढून टाका.

ओसरी

शेवटचं. २४ मेला सगळे उभे राहून ध्वजाची प्रतिज्ञा म्हणायला लागले तर मी काय करायचं?

कडूनिंब

उभं राहा, हात खाली, ओठ मिटलेले. अमेरिकी नागरिक नसलेल्याने प्रतिज्ञा म्हणावी अशी कोणाची अपेक्षा नसते. बसून राहिलात तर त्या क्षणापासून सगळे तुमच्याकडे बघतील आणि तुम्हाला काहीच बघता येणार नाही. बघायचं ते असं : कोण म्हणतं, कोण नुसतं उभं राहतं, 'अंडर गॉड' या शब्दांशी आवाज चढतो का (ते शब्द १९५४ मध्ये घातलेले आहेत), आणि लागोपाठ ख्रिस्ती ध्वजाचीही प्रतिज्ञा होते का. बाजूच्या किंवा मागून तिसऱ्या रांगेतली जागा धरा, पुढून काही दिसत नाही. आणि वीस मिनिटं आधी पोहोचा. झेंडा मिरवत आत आणणार असतील तर सैनिकांची रांग बाहेरच्या व्हरांड्यात लागते, आणि तो कोणाच्या हातात द्यायचा हे तिथेच ठरत असतं.